दातवाले आणि सासूबाई गुहेत

गल्लीत त्यांना सगळे दातवाले म्हणत. खरं तर ते दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर पुढच्या खोलीत बसत आणि दातवाले मागच्या. पुढे माणसं खुर्चीत पडून आ करायची, त्या जबड्याचा साचा मागे यायचा. मग दातवाले त्यात प्लास्टर ओतायचे, मेणाची हिरडी चढवायचे, तिच्यात एकेक दात बसवायचे आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून कवळी अशी गुळगुळीत करायचे, की घालणाऱ्याला आरशासमोरून हलवत नसे. अर्ध्या वस्तीचं हसू आपल्या नवऱ्याच्या हातचं आहे, असं त्यांची बायको अभिमानाने सांगे. स्वतः दातवाले मात्र बेताचंच हसत. माणूस शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला, कामात गढलेला.

त्यांची एकच गोष्ट जगावेगळी होती. त्यांना बंद जागा सोसत नसे. कामाच्या खोलीचं दार ते कधी लावत नसत. थंडीच्या दिवसांत डॉक्टर कुडकुडत येऊन विनवायचे, तरी दार उघडं ते उघडंच. लिफ्टमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. नातेवाईक सातव्या मजल्यावर राहायला गेले, तर दातवाले धापा टाकत जिना चढून जात आणि व्यायाम होतो म्हणत. लहानपणी कुणी कोंडून घातलं होतं का, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं. तसं काहीच झालं नव्हतं. भीती त्यांच्यासोबतच जन्माला आली होती, जसं नाक आलं तशी.

त्यामुळे घरची सहल निघाली की दातवाल्यांचं काम ठरलेलं असे. बाकीचे बुरुजावर चढत, भुयारात उतरत, आणि दातवाले बाहेर बाकावर बसून म्हणत, “तुम्ही या जाऊन, बॅगा मी सांभाळतो.” इतकी वर्षं हे चाललं होतं, की घरातल्या कुठल्याच फोटोत ते नव्हते.

त्या वर्षी त्यांच्या लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. पोरगी कॉलेजात डोंगर चढणाऱ्यांच्या टोळीत होती, दोर आणि बूट याशिवाय तिला काही सुचत नसे. जाण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून एकदा गुहा बघायला जायचं, असं तिने मनावर घेतलं. रंगीत दिवे लावलेली, तिकीट फाडून आत सोडतात तसली गुहा नव्हे. जंगलातली, होती तशीच राहिलेली. बायको लगेच तयार झाली. ती बस डेपोत कंट्रोलर होती. दिवसभर माइकवरून गाड्या सोडायची आणि घरीही तशीच माणसं सोडायची. कुणी काय घालायचं, डब्यात काय, निघायचं कधी, हे तिने एका दमात ठरवून टाकलं.

आणि मग सासूबाई म्हणाल्या, मीपण येणार.

सगळे चाट पडले. सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, अंगाने काडी पण कण्याने ताठ. उभं आयुष्य लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे, एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नसत. पण गेलं वर्षभर त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. लेकीकडे जेवायला बोलावलं तरी काहीतरी निमित्त काढायच्या. त्या बाईने एकदम गुहेत जायचं म्हणावं? बायकोने गुडघ्यांचं विचारलं, तर सासूबाईंनी सांगितलं की नात चालली आहे, परत कधी सगळे एकत्र येऊ कुणास ठाऊक, आणि गुडघ्यांचं त्या बघून घेतील.

ठरल्या दिवशी भाड्याची गाडी करून सगळे निघाले. कच्चा रस्ता जिथे संपला तिथे वाटाडी बाई उभी होती. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी, कमरेला दोराचं वेटोळं. तिने सगळ्यांच्या डोक्यावर दिव्याच्या टोप्या चढवल्या आणि फोन गाडीत ठेवायला लावले, कारण आत पाणी होतं. सासूबाई गाडीतून उतरल्या, त्या दाराला हात लावून तशाच उभ्या राहिल्या. कुणीतरी खांदा पुढे करेपर्यंत त्या हलल्या नाहीत. शेवटी दातवाल्यांनी आपला पुढे केला. म्हाताऱ्या माणसाला आधार लागतोच, त्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही.

गुहेचं तोंड झाडीत दडलेलं होतं. कपारीला हिरवं शेवाळ, खालून वाहत येणारं बोटभर पाणी, आणि आतून येणारा गार, ओलसर वारा. ना पायऱ्या, ना कठडा. वाटाडीने समजावून सांगितलं. थोडं आत गेलं की वाट वळते आणि एक खोलीएवढी जागा लागते. तिथपर्यंत कुणीही चालत जाऊ शकतं. त्यापुढे सरपटत जायची बोळ, आणि बोळीपलीकडे मोठं दालन, वरून लोंबणाऱ्या पांढऱ्या खांबांचं. ज्यांना सरपटणं जमणार नाही त्यांनी पहिल्या खोलीत बसायचं, जागा सोडायची नाही.

म्हणजे सासूबाईंसोबत कुणीतरी थांबायला हवं होतं. बायको मी थांबते म्हणाली, पण लेकीचं तोंड एवढंसं झालं. तिला आई दालनात सोबत हवी होती. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या,

“जावईबापू थांबतील माझ्याजवळ.”

दातवाल्यांनी सवयीने बॅगांकडे बोट केलं. वाटाडीने शांतपणे बॅगा उचलल्या, गाडीत ठेवल्या आणि गाडीला कुलूप लावून किल्ली ड्रायव्हरच्या हाती दिली. दातवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने त्यांना एकदाही भित्रा म्हटलं नव्हतं, आताही तिने नजर दुसरीकडे वळवली आणि त्यांना काय ते ठरवू दिलं. लेकीने मात्र हळूच विचारलं, “बाबा, येशील?”

ते गेले. कसे गेले हे त्यांना नंतर नीट सांगता येईना. पुढे वाटाडीची पाठ, मागून खांद्यावर सासूबाईंचा हलका हात, आणि कानांत स्वतःच्या काळजाचे ठोके. वळण आलं आणि मागचा उजेड कुणी पुसून टाकावा तसा गेला. ओल्या दगडावर सगळ्यांचेच पाय घसरत होते, सगळेच भिंतीला धरून पाय चाचपत पुढे सरकत होते. दातवाल्यांना एकच नवल वाटलं. सासूबाई मजेत होत्या. मोठ्याने बोलत होत्या, नातीची थट्टा करत होत्या. वर्षभरात त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता.

पहिल्या खोलीत वाटाडीने सासूबाईंना एका सपाट शिळेवर बसवलं. दातवाले समोरच्या बाजूला, परतीच्या वाटेच्या तोंडाशी बसले. तेवढीच मनाला समजूत. त्यांच्या गळ्यात वाटाडीने शिट्टी अडकवली. काही लागलं तर वाजवा, बोळीपलीकडे ऐकू येते म्हणाली. मग एकेक करून तिघी बोळीत शिरल्या. लेकीचे बूट दिसेनासे झाले, तिचं हसणंही हळूहळू दगडात मुरून गेलं. राहिलं ते थेंबांचं टपटपणं.

दातवाले वाटेच्या तोंडाकडे टक लावून बसले. छत किती जाड असेल, वर डोंगर केवढा आहे, असले विचार येऊ द्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तेच विचार येत होते. मन रमवायला त्यांनी हाताने बाजूचा दगड चाचपला. वळ्या वळ्यांचा, ओला, मध्ये उंचवटा असलेला. थेट माणसाच्या टाळूसारखा. रोज असल्या टाळूंचे साचे त्यांच्या बोटांखालून जात, आणि आज आपण अशा एका भल्यामोठ्या जबड्यात बसलो आहोत, हे लक्षात येताच त्यांनी हात झटक्यात मागे घेतला.

मघापासून खोलीत उजेड कमी झाल्यासारखा वाटत होता, पण सासूबाईंकडे वळून बघायचं त्यांना धाडस होईना. वाटेवरची नजर हलली तर वाट नाहीशी होईल असं काहीतरी वाटत होतं. आणि मग त्यांच्या टोपीवरचा दिवा लुकलुकला, तांबूस झाला, विझला.

असा काळोख त्यांनी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे की मिटलेले, हेही कळेना. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकायला छातीत वारा नव्हता. घशातून नुसता खरखरीत आवाज आला. शिट्टी काढून ते कसंबसं बोलले,

“आई, दिवा लावा. तुमचा दिवा लावा.”

“माझा लागलेलाच आहे की,” सासूबाई म्हणाल्या.

दातवाल्यांनी आवाजाच्या दिशेला पाहिलं. काळोख. काडीइतकाही उजेड नाही. ते काही बोलले नाहीत. आणि त्या गप्प बसण्यातूनच सासूबाईंना कळलं असावं, कारण खूप वेळाने, अगदी वेगळ्या, बारीक आवाजात त्यांनी विचारलं,

“नाहीये का लागलेला?”

टोपी अंबाड्यावर नीट बसवताना त्यांच्या हातून बटण दाबलं गेलं होतं आणि दिवा मालवला होता. ते त्यांना कळलंच नव्हतं. दातवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो त्या मिट्ट अंधारात. गाडीच्या दाराशी थबकलेल्या सासूबाई. पाहुण्यांना चहा देताना कपात बुडवलेलं बोट. विणकाम सोडलं ते हात दुखतात म्हणून. टीव्ही लावायच्या आणि खिडकीकडे तोंड करून बसायच्या. सगळ्या घराला दिसत होतं, आणि कुणालाच दिसलं नव्हतं.

“जावईबापू, तुम्हाला श्वास लागलाय,” अंधारातून आवाज आला. आता तो पुन्हा एक्स्चेंजमधला होता, स्थिर. “माझ्या आवाजाकडे या. उभे राहू नका, हात टेकून या. मी बोलत राहते.”

आणि त्या बोलत राहिल्या. कशावर, तर एक्स्चेंजमधल्या एका साहेबावर, जो रोज बायकोला फोन लावून द्या म्हणायचा आणि लागला की घाबरून ठेवून द्यायचा. दातवाले त्या साहेबाच्या गोष्टीच्या मागे मागे, लहान मूल रांगतं तसे रांगत गेले. गार पाण्यात हात पडला, गुडघा खरचटला, आणि शेवटी बोटांना सासूबाईंच्या चपलेचा पट्टा लागला. ते शिळेवर टेकले. सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. दातवाल्यांनी दुसऱ्या हाताने त्यांच्या टोपीवरचं बटण चाचपून काढलं. बारीकसारीक वस्तू बोटांनी शोधणं हा तर त्यांचा धंदाच होता. बोट बटणावर ठेवलं.

“एवढ्यात लावू नका,” सासूबाई म्हणाल्या. “उजेडात तुम्ही माझ्या तोंडाकडे बघाल. मग मला सांगवणार नाही.”

आयुष्यात दातवाल्यांनी बरीच ओझी उचलली होती, पण ते बोट न दाबता धरून ठेवण्याइतकं जड काही उचललं नव्हतं. अंगाला दरदरून घाम फुटला होता. काळोख चारी बाजूंनी छातीवर बसला होता. एवढंसं दाबलं की सुटका. त्यांनी दाबलं नाही.

सासूबाईंनी सांगितलं. डोळ्यांच्या कडांपासून दिसणं कमी होत गेलं होतं, नळीतून बघावं तसं. आता एका डोळ्यात मधला ठिपका उरला होता, तोही भर उन्हातच कामाचा. इथे आत पाऊल टाकल्यापासून त्यांना काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. डॉक्टरकडे त्या गेल्या नव्हत्या. डॉक्टर काय सांगेल ते नको होतं, आणि लेक काय करेल तेही नको होतं. लेक त्यांना उचलून आपल्या घरी नेईल, एका खोलीत बसवेल, पाण्याचा पेलासुद्धा हातात देईल. तिची माया त्यांना ठाऊक होती, म्हणून तर भीती वाटत होती. मग त्यांनी घराचा कोपरा न् कोपरा पाठ केला आणि बाहेर जाणं सोडून दिलं. पहिल्या काही महिन्यांत रोज सकाळी उठून भिंतीशी बसून रडायच्या, मग तोंड धुऊन लेकीला फोन करायच्या.

“आणि गुहेत का आलात?” दातवाल्यांनी विचारलं.

“इथे सगळेच चाचपडत चालणार होते ना,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, एक दिवस तरी मी सगळ्यांसारखी.”

दातवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्या काळोखात कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. मग त्यांनीही सांगितलं, आपल्याला आत्ता कसं वाटतंय ते. छाती कशी आवळते, भिंती कशा पुढे सरकल्यासारख्या वाटतात. हे त्यांनी बायकोलाही कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी मध्येच थांबवून विचारलं, तरी तुम्ही आलात? ते म्हणाले, लेकीने विचारलं ना. त्यावर सासूबाई खुदकन हसल्या, म्हणाल्या, घराण्यात दोनच शहाणे, आणि दोघांनाही एकाच खोलीत आणून बसवलं.

बोलता बोलता दातवाल्यांच्या ध्यानात आलं, की आपला श्वास सरळ चालला आहे. भीती गेली नव्हती. ती होती, पण कुत्रं पायाशी येऊन बसावं तशी बसली होती.

सासूबाईंनी मग त्यांच्याकडून वचन मागितलं, की हे आपल्या लेकीला कळता कामा नये. दातवाल्यांनी सासूबाईंचा शब्द आजवर कधी खाली पडू दिला नव्हता. या वेळी मात्र ते म्हणाले,

“आई, मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगायचं. मी शेजारी बसेन.”

थेंब पडत राहिले. मग सासूबाईंनी हातातला हात जरा घट्ट दाबला आणि म्हणाल्या, “लावा आता दिवा.”

उजेड पडला तेव्हा दातवाल्यांनी प्रथमच ती जागा धड पाहिली. छताला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि प्रत्येकात दिवा चमकत होता. ते त्यांनी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं, तसं ते एकेक गोष्ट सांगत गेले, रंग, वळ्या, पाण्याखालचे गोटे. सांगताना त्यांना कळलं, की आपण वाटेच्या तोंडाकडे पाठ करून बसलो आहोत.

तिघी परतल्या त्या नखशिखांत चिखलाने माखून. पांढरे खांब किती उंच, दालन केवढं, असं लेक एका श्वासात सांगत होती. वाटाडीने दातवाल्यांचा विझलेला दिवा पाहिला, जीभ चावली आणि स्वतःच्या टोपीवरचा काढून त्यांना दिला.

बाहेर उन्हात डबे उघडले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं. दातवाले शेजारी बसले होते. फार लांबण लावली नाही त्यांनी. मला दिसत नाही, दीड वर्ष होत आलं, एवढंच. नातीच्या हातातला पाव तसाच राहिला. बायको आधी चिडली, मला परक्यासारखं वागवलंस म्हणाली. मग उठून झाडाकडे तोंड करून उभी राहिली. परत आली ती थेट डेपोतल्या आवाजात. आजपासून आई आपल्याकडे. मागची खोली रिकामी करायची. उद्याच सामान हलवायचं. आईचं घर भाड्याने—

“अगं, त्यांना विचार,” दातवाले म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको बोलत असताना मध्ये पडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. बायको आ करून बघत राहिली. आजीजवळ सरकून बसलेली लेक म्हणाली, “हो, आई. आजीला विचार ना.” मग बायको खाली मातीत बसली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जरा वेळाने, अवघडत, विचारलं की तुला काय हवंय.

सासूबाईंना आपलं घर हवं होतं. आणि रस्त्यावर परत चालायचं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण रोज न चुकता थेंब घातले तर उरलेला ठिपका राखता येईल, आणि आणखी उशीर झाला असता तर तोही गेला असता. घरी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, ठिपका तर ठिपका, सकाळच्या उन्हात नातीचं नाक मावतं त्यात.

त्याच दवाखान्यातून एका शिक्षकाचा पत्ता मिळाला. हे गृहस्थ स्वतः जन्मापासून अंध, पांढरी काठी घेऊन चालायला शिकवायचे. स्वभावाने खट्याळ आणि विद्यार्थ्यांशी कडक. त्यांचा आणि सासूबाईंचा पहिल्याच दिवशी खटका उडाला. सासूबाई काठी छत्रीसारखी धरतात, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी घरी येऊन त्यांना खडूस म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी तयार होऊन बसल्या. बायको सुटीच्या दिवशी सोबत जायची आणि खड्डा आला की ओरडायची. शेवटी शिक्षकांनीच तिला हात जोडले आणि बसायला लांबचा बाक दाखवला. तिथे ती ओठ घट्ट मिटून बसे. तिला हे शिकायला सासूबाईंपेक्षा जास्त वेळ लागला.

लेक तिकडच्या शहरात रुळली. दर रविवारी फोन करायची आणि आजीला आधी मागायची. पुढच्या सुटीत पुन्हा त्याच गुहेत जायचं तिने ठरवलं होतं, आणि या वेळी बाबांनी बोळीतून दालनापर्यंत यायचं, असं तिचं म्हणणं होतं. दातवाल्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण एकदा दुपारी, घरी कुणी नसताना, ते जेवणाच्या टेबलाखाली शिरून पडून राहिले, कसं वाटतं ते बघायला. बायको अचानक परत आली आणि तिने विचारलं, काय हरवलंय? काही नाही, म्हणाले, सराव करतोय. तिने पिशवी खाली ठेवली आणि तीही वाकून त्यांच्याशेजारी आडवी झाली. जागा अगदीच अपुरी होती. दोघांचे पाय बाहेर राहिले.

थंडी ओसरत आली त्या सुमाराला एका सकाळी दातवाले कामावर कवळी घासत बसले होते. पुढच्या खोलीत काहीतरी गडबड झाली आणि डॉक्टरांनी हाक मारली, तुमच्याकडे पाहुणे आलेत म्हणून. ते हात पुसत आले. दारात सासूबाई उभ्या होत्या, एकट्या. एका हातात काठी, केस वाऱ्याने विस्कटलेले, गाल लाल. दोन गल्ल्या, एक मोठा रस्ता आणि बाजार ओलांडून त्या आल्या होत्या, आणि वाटेत एका भाजीवाल्याच्या टोपलीत काठी घातल्याबद्दल त्याच्याशी भांडूनही झालं होतं.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “खालची कवळी टोचतेय जरा. बघता का?”

दातवाल्यांनी त्यांना खुर्ची दाखवली नाही. मागच्या खोलीत या म्हणाले आणि स्वतः पुढे होऊन चालू लागले, वाटेत बोलत बोलत, म्हणजे आवाजाच्या मागे त्यांना येता यावं.